गोखले इन्स्टिट्यूटच्या इतिहासाचं ग्रंथालयातलं प्रदर्शन: तुम्ही वारंवार विचारलेले प्रश्न

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या इतिहासावर प्रदर्शन मांडल्यापासून तेच तेच प्रश्न परत परत येतायत, व्हॉट्सॲपवर, मेलवर, अभिप्रायाच्या वहीत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहितोय. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिकडे बघा असं लिहिलंय.

प्रदर्शनात नेमकं आहे काय? फोटो कमी आणि तक्तेच जास्त दिसतात.

हो, आणि ते मुद्दाम केलंय. गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था, म्हणजे आपण जिला नुसतं गोखले इन्स्टिट्यूट म्हणतो ती, १९३० पासून काय करत आली तर लोकांच्या दारात जाऊन विचारत आली, की किती कमावता, किती देणं आहे, माल कुठे विकता, घरात माणसं किती. त्या उत्तरांची पुस्तकं झाली आणि त्यातल्या काहींमुळे सरकारी धोरणावर चर्चा झाली. संचालकांच्या तसबिरी ओळीने लावून हा इतिहास कळत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून सर्वेक्षणांचे अहवाल उघडून ठेवलेत, त्यातली पानं मोठी करून लावलीत आणि शेजारी मराठीत समजावून सांगितलंय. माणसांचे फोटो आहेत, पण थोडे.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनीच ही संस्था काढली ना?

नाही. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले आणि संस्था सुरू झाली ६ जून १९३० ला, मधे पंधरा वर्षं आहेत. संस्था त्यांच्या नावाने निघाली. आणि ते नाव शोभतं, कारण गोखल्यांची खरी ताकद आकड्यांत होती. १९०२ च्या बजेटवरच्या भाषणात त्यांनी सरकारला सरकारचेच आकडे दाखवून सांगितलं की तिजोरीत शिल्लक पडतेय ती भरभराट आहे म्हणून नाही, गरिबावर कर जास्त आहे म्हणून पडतेय, आणि मिठावरचा कर कमी करा. पुढच्याच वर्षी तो कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. अर्थात एका भाषणाने झालं असं कुणी म्हणू नये, मागणी बरीच आधीपासून होती.

सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, रानडे इन्स्टिट्यूट, डेक्कन सभा, गोखले इन्स्टिट्यूट... हे सगळं एकच आहे का? डोक्यात गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, कारण माणसं तीच आणि गाव तेच. डेक्कन सभा ही न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८९६ मधे निघालेली राजकीय संस्था. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी गोखल्यांनी १२ जून १९०५ ला काढली, आयुष्य देशाच्या कामाला वाहून घेणाऱ्या सभासदांची संस्था. फर्ग्युसन रोडवरची रानडे इन्स्टिट्यूट तिसरीच, ती रानड्यांच्या स्मरणार्थ निघाली आणि आज लोकांना ती पत्रकारितेच्या शिक्षणासाठी माहीत आहे. गोखले इन्स्टिट्यूट ही या सगळ्यांत धाकटी, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या छत्राखाली सुरू झालेली, अभ्यास आणि संशोधन करणारी. ग्रंथालयाचं मूळही सोसायटीच्या १९०५ च्या ग्रंथसंग्रहात आहे, म्हणजे या संस्थेचं ग्रंथालय संस्थेपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठं आहे. आमच्या मते पुढचं सगळं समजायला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांना पहिल्या दिवसापासून हाताशी पुस्तकं आणि सरकारी अहवाल मिळाले.

पैसे कोणी दिले? पाटीवर "काळे" लिहिलंय ते बँक ऑफ महाराष्ट्रवाले काळे का?

नाही नाही, हे दोन वेगळे काळे. इन्स्टिट्यूटसाठी देणगी दिली ती साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांनी. बँक ऑफ महाराष्ट्रच्या उभारणीत होते ते प्राध्यापक वा. गो. काळे, फर्ग्युसनला अर्थशास्त्र शिकवायचे. दोघेही अर्थकारणात रस घेणारे, काळही एकच, म्हणून लिहिणारेसुद्धा चुकतात. रावबहादूर काळ्यांच्या नावाने संस्थेत दरवर्षीची व्याख्यानमाला सुरू झाली, तिच्याबद्दल पुढे बाबासाहेबांच्या प्रश्नात बघा.

पण हे तर कॉलेज आहे, तिथे एम.ए. करतात. मग तुम्ही तिला थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणारी संस्था, का म्हणता?

आज प्रवेशपरीक्षा देऊन जाणाऱ्या मुलांना ते कॉलेजच वाटणार, आणि अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहेच की, पण तो आला १९९३ मधे. त्याआधीची साठएक वर्षं मुख्य काम संशोधनाचं आणि संशोधक तयार करण्याचं होतं. एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करायचा, तो छापायचा, सरकारच्या समित्यांवर जाऊन तो मांडायचा, पटलं नाही तर तसं लेखी सांगायचं, थिंक टँककडून याहून वेगळं काय अपेक्षित असतं? फरक इतकाच की दिल्लीतल्या आत्ताच्या अशा संस्था बहुतेक वेळा दुसऱ्यांनी गोळा केलेल्या आकड्यांवर लिहितात आणि यांनी आकडे स्वतः गोळा केले, तेही वाई तालुक्यातल्या शेतात आणि पुण्याच्या गल्ल्यांत.

पहिल्याच कपाटात फळबाजाराचं पुस्तक का? एवढ्या मोठ्या संस्थेची सुरुवात फळांपासून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय आणि आम्हाला सगळ्यात आवडतो.

धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक झाले तेव्हा तिशीच्या आतले होते. केंब्रिजला शिकलेले, हिंदुस्थानच्या औद्योगिक बदलांवरचं त्यांचं पुस्तक १९२४ लाच आलेलं, सुरतेला प्राचार्य म्हणून काम केलेलं. असा माणूस नव्या संस्थेत येऊन जागतिक मंदीवर किंवा चलनावर मोठे ग्रंथ लिहू शकला असता. त्या विषयांवरही लिहिलं त्यांनी, पण जोडीला १९३३ मधे पुण्यातल्या फळांच्या विक्रीचं सर्वेक्षण छापलं. बागेतून निघालेलं फळ गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती हातांतून जातं, प्रत्येक जण काय घेतो, बागायतदाराला शेवटी काय उरतं. शेतमालाच्या भावावर आपण आजही हेच बोलतो ना, टोमॅटो रस्त्यावर ओतला की दोन दिवस बोलतो. यांनी नव्वद वर्षांपूर्वी ते मोजायला घेतलं होतं.

मग १९३५ मधे मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार बस वाहतुकीचं सर्वेक्षण आलं, म्हणजे एसटी निघायच्या आधीच्या खाजगी सर्व्हिस गाड्यांचं. १९४० मधे वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाचं. तिन्ही एका कपाटात ठेवलीत. बाजार, रस्ता, शेत. त्यावेळी अर्थशास्त्र शिकवताना उदाहरणं इंग्रजी पुस्तकांतली असायची, ती बाजूला ठेवून आपल्याच गावापासून सुरुवात करायची हे ठरवणं ही धाडसाची गोष्ट होती असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुण्याच्या सर्वेक्षणात आमच्या वाड्याची माहिती मिळेल का? आजोबा सदाशिव पेठेत राहायचे.

एका घराची नाही मिळणार. गाडगीळांच्या पुणे सर्वेक्षणाचे दोन भाग आहेत, पहिला १९४५ चा आणि दुसरा १९५२ चा. दोन्हीत सगळं एकत्रित तक्त्यांत आहे, कुणाचं नाव नाही, आणि ते बरोबरच आहे कारण माणसं उत्पन्न आणि कर्ज सांगतात ते नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर. पण आजोबांच्या वेळचं पुणं कसं होतं, कामगार काय मिळवत होते, घरं कशी होती, हे बघायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. नंतर सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुण्याची फेरपाहणी केली, ती १९५६ मधे आली. दोन्ही शेजारी ठेवलीत, कारण तेच शहर परत मोजलं की मधे युद्ध, महागाई, स्वातंत्र्य या सगळ्याने नोकरी आणि कमाई कशी हलली ते दिसतं. कोल्हापूर आणि सोलापूरवरचे अभ्यासही आहेत, त्या गावच्या लोकांनी तळाचा खण जरूर बघा.

प्रवरानगरचा साखर कारखाना इथे कसा आला?

गाडगीळांमुळे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नगर जिल्ह्यात काय बदललं, पाणी आल्याचा सरळ फायदा किती आणि आडून होणारा किती, याचा इन्स्टिट्यूटने अभ्यास केला, तो १९४८ मधे छापून आला. बागायतीचा तो टापू त्यांना असा आतून माहीत होता. त्याच सुमारास लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायचं मनावर घेतलं, आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या सुमारास गाळप सुरू झालं. कष्ट, गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करणं, हे विखे पाटलांचं आणि त्या शेतकऱ्यांचं. ते श्रेय पुण्याकडे ओढू नये म्हणून त्या फलकावर विखे पाटलांचं नाव आधी लिहिलंय. पण पुस्तकातला अर्थतज्ज्ञ कारखान्याच्या अध्यक्षपदी वर्षानुवर्षं बसतो, हे आपल्याकडे किती वेळा झालं?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं व्याख्यान खरंच इन्स्टिट्यूटमधलं आहे का? मी तर ऐकलं होतं की ते डेक्कन सभेचं.

दोन व्याख्यानं आहेत आणि दोन्ही पुण्याची, म्हणून मिसळतात. संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य या विषयावरचं २९ जानेवारी १९३९ चं व्याख्यान हे इन्स्टिट्यूटच्या वार्षिक कार्यक्रमातलं काळे स्मृती व्याख्यान. रानडे, गांधी आणि जिना हे १८ जानेवारी १९४३ चं, ते डेक्कन सभेने रानड्यांच्या जयंतीला ठेवलं होतं. तुम्ही ऐकलेलं ते दुसरं. आमच्याकडे पहिलंच मांडलंय.

त्यात बाबासाहेबांनी ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची चिरफाड केलीय. एकीकडे निवडून आलेली प्रांतांची सरकारं, दुसरीकडे राजेमहाराजांची संस्थानं जिथे प्रजेला विचारायची पद्धतच नाही, आणि दोघांना एकाच संघात बांधायचं, यातून स्वराज्य जवळ येणार की लांब जाणार हा त्यांचा सवाल. कलमं घेऊन घेऊन बोललेत. उदारमतवादी परंपरेतल्या संस्थेने त्यांना बोलावलं आणि त्यांनी हातचं काही न राखता मांडणी केली, यात त्या व्यासपीठाचं मोल कळतं. पुढे संघराज्याच्या प्रश्नावर गाडगीळांनीही लिहिलं, १९४५ आणि १९४७ ची दोन पुस्तकं शेजारीच आहेत, सलग वाचली तर मजा येते.

सरकार यांचं ऐकायचं का?

कधी ऐकायचं, कधी नाही. नाही ऐकलं त्याचं उदाहरण आम्ही ठळक लावलंय. युद्धकाळात धान्याचे भाव भडकले तेव्हा गाडगीळांचं म्हणणं होतं की नुसते भाव ठरवून भागत नाही, धान्य सरकारने ताब्यात घेऊन रेशनवर नीट वाटलं पाहिजे. १९४३ मधे सोवनींबरोबर युद्ध आणि आर्थिक धोरणावरचं पुस्तक आलं. १९४७ मधे सनदी अधिकारी गोरवाला आणि गाडगीळ यांचं कमॉडिटी प्राइसेस बोर्ड, म्हणजे वस्तूंच्या भावांवर सरकारला सल्ला देणारं मंडळ होतं, त्यांचा सल्ला भाव आणि वाटपावरची नियंत्रणं ठेवा असा. सरकारने वर्षाच्या शेवटी ती उठवायला सुरुवात केली, भाव चढले, आणि १९४८ मधे परत नियंत्रणांकडे वळावं लागलं. रेशनचं धान्य लाचेशिवाय मिळत नव्हतं, काळाबाजार होता, लोक कंटाळले होते, त्यामुळे उठवणाऱ्यांचीही बाजू होती आणि ती फलकावर आहे.

दारिद्र्यरेषेचं काम इथलंच ना? २२५० कॅलरी म्हणजे काय?

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांचं १९७१ चं काम. आधी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत दोन भागांत आलं, मग पुस्तक. त्यांनी विचारलं की माणसाला दिवसाला साधारण २२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न पोटात जायचं तर घरात माणशी महिना किती खर्च व्हायला हवा. लोक प्रत्यक्षात काय खातात याच्या राष्ट्रीय पाहणीच्या आकड्यांवरून उत्तर आलं, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात १५ रुपये, शहरात २२ रुपये ५० पैसे. त्याखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते. हे वाचून झाल्यावर परत एकदा वाचा. योजनांची दोन दशकं उलटल्यावर दोन अभ्यासक लिहितात की देशातल्या एवढ्या माणसांना पोटभर मिळत नाही, आणि तेही घोषणा म्हणून नाही, तक्ता म्हणून.

या फलकासमोर लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात असं आमच्या स्वयंसेवकांनी सांगितलं.

मग ते पुस्तक इन्स्टिट्यूटचं प्रकाशन का म्हणत नाही तुम्ही?

कारण ते नाहीये. लेखक दोघेही इन्स्टिट्यूटचे, दांडेकर तर गाडगीळांनंतर १९६६ पासून संचालक, पण काम फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने झालं आणि पुस्तक आलं इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीकडून, जी दांडेकरांनीच उभी केलेली वेगळी संस्था. म्हणून फलकावर "इन्स्टिट्यूटमधल्या अभ्यासकांचं काम" असं लिहिलंय. कुणाला हे किरकोळ वाटेल, पण ग्रंथालयाने प्रकाशक चुकीचा लिहायचा तर मग कोण बरोबर लिहिणार.

सुखात्म्यांनी हे खोडून काढलं होतं असं वाचलंय.

खोडून काढलं असं नाही, गंभीर आक्षेप घेतला. पां. वा. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ, पोषणावर जगभर काम केलेले. ते म्हणायचे, एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज रोज सारखी नसते, शरीर थोडंफार जुळवून घेतं, त्यामुळे सरासरी गरजेच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी असं धरलं तर संख्या फुगते. दांडेकरांना हे मान्य नव्हतं, कारण असं म्हणत गेलं की गरिबाने कमी खाऊनच जुळवून घ्यावं इथे गाडी येते. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघेही पुण्यात, आणि ही खडाजंगी वीकलीच्या पानांवर झाली. आमचं मत विचाराल तर सुखात्म्यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण धोरण आखताना दांडेकरांची काळजी जास्त महत्त्वाची.

गाडगीळ फॉर्म्युला, गाडगीळ अहवाल, काकासाहेब गाडगीळ, हे सगळे तेच का?

तीन वेगळी माणसं. केंद्राची योजनामदत राज्यांत वाटायचा १९६९ चा गाडगीळ फॉर्म्युला हा आपल्या धनंजयरावांचा, ते तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. ६० टक्के वजन लोकसंख्येला, आणि उरलेलं प्रत्येकी १० टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना. पश्चिम घाटाचा २०११ चा अहवाल माधव गाडगीळ यांच्या समितीचा, ते धनंजयरावांचे चिरंजीव, पर्यावरणशास्त्रज्ञ. काकासाहेब म्हणजे न. वि. गाडगीळ, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले. फॉर्म्युला आला तेव्हा धनंजयराव इन्स्टिट्यूट सोडून गेले होते, म्हणून तो प्रदर्शनात फक्त एका चौकटीत आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा दांडेकर अहवाल का नाही ठेवला? आम्ही अमरावतीहून आलो होतो.

अहवाल इन्स्टिट्यूटचा नव्हता, राज्य सरकारने १९८३ मधे नेमलेल्या सत्यशोधन समितीचा होता, म्हणून आधी बाहेर राहिला. पण तुमच्यासारख्या बऱ्याच जणांनी विचारलं आणि आम्हाला पटलं, आता संदर्भ टेबलावर त्याची ओळख ठेवलीय. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली असेल तिथला खड्डा रुपयांत मोजायचा, ही पद्धत. १९८४ मधे एकूण आकडा निघाला सुमारे ३,१८६ कोटी. पद्धत त्याच घराण्यातली आहे, हे दारिद्र्यरेषेवरचं उत्तर वाचून लक्षात येईल.

सगळे पुरुषच दिसतात. बायका नव्हत्या?

होत्या. कुमुदिनी दांडेकरांचं लोकसंख्येवरचं काम मोठं आहे. पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूचं, वि. म. दांडेकरांबरोबर केलेलं, १९५३ चं सर्वेक्षण खिडकीजवळच्या कपाटात आहे. कुटुंबनियोजनावरही त्यांनी कितीतरी वर्षं लिहिलं. ते कपाट जरा कोपऱ्यात पडतं ही तक्रार रास्त आहे, जागा बदलतोय.

१९९३ नंतरचं काहीच का नाही? हल्लीच्या वादांबद्दल?

अभिमत विद्यापीठ झाल्यावर संस्थेचा स्वभाव बदलला, शिकवणं वाढलं, तो वेगळा विषय आहे आणि त्यातली माणसं आज काम करतायत. अलीकडच्या गोष्टी वर्तमानपत्रांत आहेत, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवण्याइतक्या त्या अजून निवल्या नाहीत.

घरबसल्या वाचता येईल का? आम्ही अमेरिकेत असतो. आणि फोटो काढले तर चालतं का?

इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तकं मोठ्या संख्येने स्कॅन करून आपल्या डिजिटल संग्रहात ठेवलीत, तिथे शोधा. अर्थविज्ञान हे संस्थेचं १९५९ पासूनचं नियतकालिकही बघा, दोन्ही बहुतांशी इंग्रजीत आहे.

फोटो अभ्यासासाठी, फ्लॅश न लावता खुशाल काढा. आख्खं पुस्तक छापायचं किंवा नेटवर टाकायचं असेल तर आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरची ६० वर्षं मोजायची, ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. बाबासाहेब १९५६ ला गेले, त्यांचं व्याख्यान मोकळं झालंय. गाडगीळ १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबायचं. दांडेकर १९९५ ला गेले, त्यांचं २०५५ संपेपर्यंत. दोन लेखक असतील तर शेवटी गेलेल्यापासून धरतात. अनुवाद करायचा असेल तरी हाच हिशोब लागतो, त्यासाठी आधी परवानगी मागा.

शाळेच्या मुलांना आणलं तर त्यांना समजेल?

आठवीच्या पुढे नक्की. आधी कळवा, म्हणजे कोरे प्रश्नतक्ते तयार ठेवतो. मुलांनी आपल्या घरच्या आठवड्याच्या भाजीचा हिशोब भरून आणला तर फळबाजाराचं पुस्तक त्यांना लगेच कळतं, काही शिक्षकांनी हे केलंय.

आमच्या माळ्यावर इन्स्टिट्यूटची जुनी पुस्तकं आहेत, तुम्हाला देऊ का?

लगेच आणू नका. आधी मुखपृष्ठाच्या आतलं पान आणि प्रकाशनाचं वर्ष असलेलं पान, दोन्हीचे फोटो पाठवा, बऱ्याच पुस्तकांच्या प्रती आधीच आहेत. सुटी पानं सेलोटेपने चिकटवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, वाळवी असेल तर वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. आणि पुस्तकात कुणी हाताने टिपणं केलेली असतील किंवा मधे भरलेला सर्वेक्षणाचा तक्ता सापडला, तर तो त्याच पानात राहू द्या आणि आम्हाला फोन करा. त्यात नावगाव असेल तर फोटो कुठे टाकू नका.